भोईरांच्या अंगणातला तिसरा बेल्ट

तिसरा बेल्ट उडाला तेव्हा मी बॉनेटपासून हातभर लांब उभा होतो. फट्‌ असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि बेल्ट तुटून इंजिनाखालून अंगणाच्या फरशीवर पडला. मी पटकन इंजिन बंद केलं.

"झाला तिसरा," पायरीवर बसलेला बंडूशेठ भोईर म्हणाला. "अजून किती हायेत पिशवीत?"

"एक."

"त्यो पन उडव. मग आपन सुतली बांधू."

मी तुटलेला बेल्ट उचलला. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडायला वेळ नव्हता. बुधवारचे सकाळचे अकरा वाजले होते. शनिवारी बंडूशेठच्या धाकट्या भावाची हळद. बदलापूर गावात भोईरांच्या घरची हळद म्हणजे हजार माणूस जेवायला, बँड, डीजे, सगळं. शुक्रवारी सकाळी मांडववाले बांबू घेऊन येणार होते. आणि मांडव जिथे घालायचा त्या अंगणात त्याची SUV उभी होती. पुढचा बंपर काढलेला, रेडिएटरचं कव्हर काढलेलं, दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी.

मी लोकांच्या दारात जाऊन इंजिनांची कामं करतो. माझं गॅरेज नाही. एक व्हॅन आहे, तिच्यात सगळी हत्यारं. त्याआधी अकरा वर्षं शहाडजवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे प्रधानसाहेब मॅनेजर होते. कॉलेजातून आलेल्या नव्या इंजिनिअरांना इंजिन उघडायला मी शिकवलं, आणि त्यातल्याच एकाला साहेबांनी माझ्यावर सुपरवायझर म्हणून बसवलं. जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "सुर्वे, तुझा हात चांगला आहे. पण तुझ्याकडे कागद नाही." मी त्याच दिवशी माझे पाने-पक्कड उचलले. पुढे साहेबांनीही नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. गाड्या जोरात पळवायची हौस असलेले सगळे त्यांच्याकडे जातात. बंडूशेठही आधी तिथेच गेला होता. हे काम मी त्यांच्या हातातून काढून आणलं होतं, त्यांच्यापेक्षा कमी भावात आणि घरपोच. माझ्यासाठी ते नुसतं काम नव्हतं.

काम होतं सुपरचार्जर बसवण्याचं. साधं सांगतो. इंजिनाला पेट्रोलसोबत हवाही लागते. साधं इंजिन आपल्या ताकदीने हवा ओढून घेतं. सुपरचार्जर हा हवेचा पंप आहे, तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, त्या मानाने पेट्रोल जास्त, म्हणजे ताकद जास्त. हा पंप फिरवायला वेगळी मोटर नसते. इंजिनाच्याच पुढच्या चाकावरून म्हणजे पुलीवरून एक बेल्ट जातो आणि पंपाला फिरवतो. हा बेल्ट ज्या ज्या पुल्यांवरून जातो त्या सगळ्या एका रेषेत असाव्या लागतात. एखादी किंचित जरी तिरकी झाली तरी बेल्ट सरकत सरकत कडेला जातो आणि उडतो.

इंजिनात असा बदल केलेली गाडी RTOच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर आणायची नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच बैठकीत सांगतो. बंडूशेठला तशी गरजही नव्हती. त्याची वांगणीला जमीन आहे, मागे डोंगराचा चढ आहे. ही जुनी पेट्रोल गाडी ट्रकवरून तिथे न्यायची आणि दोस्तांना घेऊन त्या चढावर चढवायची, एवढीच त्याची हौस. रोजची गाडी वेगळी.

किट परदेशातून मागवलेलं होतं. तिकडे स्टिअरिंग डावीकडे. आपल्या गाडीत बसवायला गेलो तर किटमधला एक ब्रॅकेट AC च्या पाइपला अडत होता. ब्रॅकेट म्हणजे जाड लोखंडी प्लेट, तिच्यावर एक रिकामी पुली असते. ती पंप फिरवत नाही, फक्त बेल्टला वळवते आणि ताणून धरते. तो ब्रॅकेट नवीन करून घ्यावा लागला. अंबरनाथच्या MIDCत कांबळे मास्तरांचा गाळा आहे, लेथ आणि वेल्डिंगचा. त्यांच्याकडून करून घेतला. त्यांनी भाव सांगितला, मी तासभर घासला आणि एक तृतीयांश पाडून आलो. मला भाव केल्याशिवाय जेवण पचत नाही.

तर तीन बेल्ट उडाले होते. दर वेळी मी सरळ पट्टी लावून, मग लेझर लावून, म्हणजे उजेडाची सरळ रेघ टाकून, पुल्या तपासल्या. एका रेषेत. इंजिन सुरू केलं, सगळं गुपचूप. आरपीएम अडीच हजारावर नेलं की बेल्ट कडेला सरकू लागायचा आणि दोन मिनिटांत खाली.

मी अंगणात फेऱ्या मारत होतो. वहिनींनी, म्हणजे बंडूशेठच्या बायकोने, दिलेला चहा पायरीवर तसाच गार झाला होता. तेवढ्यात बंडूशेठने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"प्रधानसाहेब, बेल्ट उडतोय वो सारका."

मी फेऱ्या मारायचा थांबलो. पलीकडून तोच सावकाश आवाज आला. "कोण करतंय काम?"

"सुर्वे. तुमच्याकडंच व्हता तो."

साहेबांचा एकच प्रश्न. "ब्रॅकेट कुणी बनवला?"

मी पुढे होऊन फोन कट केला.

"अरे!" बंडूशेठ उठून उभा राहिला. "माजा फोन हाय तो!"

"ब्रॅकेटचा काही संबंध नाही. मी लेझर लावलाय. बेल्ट डुप्लिकेट आहे."

"सुर्वे, आईक. शुक्रवारी दहा वाजता मी साहेबांचं टोइंग बोलावनार. तोवर गारी आपल्या पायानं अंगनातून भायर गेली तं तुजी. नाय तं टोइंगवर चढंल आनि त्यांच्याकडं जाईल. मी काय मांडव गारीवर बांधू?"

म्हणजे माझं अर्धवट काम ट्रकवर चढून प्रधानसाहेबांच्या दारात उतरणार होतं. त्यांच्या मेकॅनिकांसमोर ते बॉनेट उघडणार, बघणार आणि काही बोलणार नाहीत. ते न बोलणंच मला नको होतं.

मी उडालेला बेल्ट पिशवीत घातला, व्हॅन काढली आणि उल्हासनगर गाठलं. बेल्ट घेतला होता लालवाणी शेठकडून. त्यांच्या दुकानात मूळ माल आणि नकली माल समोरासमोरच्या कपाटांत असतो, आणि विचारलं तर ते खरं सांगतात. पण त्या वेळी माझा समज वेगळा होता.

"सेठ, ये क्या माल दिया? तीन गए! डुप्लिकेट पकड़ा दिया मेरे को?"

लालवाणी शेठनी चष्मा लावला. "साईं, पहले बैठो."

"बैठने का टाइम नहीं है."

"तो खड़े-खड़े देखो." त्यांनी बेल्ट काउंटरवर उलटा टाकला आणि आतल्या खाचांवरून अंगठा फिरवला. "ये देखो. एक ही साइड घिसा है. इधर पूरा खाया, उधर नया का नया. नकली होता तो बीच में से फटता, धागे निकलते. ये सीधा चला ही नहीं. कोई इसको टेढ़ा चला रहा है."

"मैंने लेझर लगाया है."

"गाड़ी चालू थी कि बंद?"

"बंद." मी बेल्ट परत पिशवीत टाकला.

"और सुनो," ते म्हणाले. "तुमने भाव तोड़ा था ना? मेरे को नकली देना होता तो वही टाइम देता. मैंने अपना मार्जिन छोड़ा, माल नहीं बदला. हर कोई ऐसा नहीं करता, साईं."

शेवटचं वाक्य मला लागलं, पण का लागलं ते तेव्हा कळलं नाही.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. बंद गाडीवर सगळं सरळ आहे, चालू गाडीवर काहीतरी हलतंय, एवढं आता नक्की होतं. पण चालू इंजिनासमोर डोळ्यांना काय दिसणार? सगळंच थरथरतं. मी शेवटचा बेल्ट चढवला आणि बंडूशेठला सीटवर बसवलं. वहिनी ओसरीत मोबाइल घेऊन हळदीच्या साड्यांचे फोटो बहिणीला पाठवत होत्या.

"वहिनी, तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन आहे का?"

"हाय की. नाचाचे काढतो आमी त्याच्यान."

त्यांना लांब उभं केलं, फोन पुल्यांवर धरायला सांगितला. बंडूशेठने रेस दिली, मी दहा मोजले आणि हात केला. बंद. बेल्ट कडेला आला होता, पण वाचला.

व्हिडिओ वहिनींनीच आधी बघितला. बघता बघता त्या हसायला लागल्या.

"भाऊ, ही बगा. ही पट्टी मान हलवते. सासूबाई बोलाय लागल्या की मी हलवते ना, तशीच."

मी बघितलं. रेस वाढली की बेल्ट ताणला जात होता आणि कांबळे मास्तरांचा ब्रॅकेट पुढे वाकत होता. किंचित, पण दर वेळी. रेस सोडली की परत सरळ. ब्रॅकेट वाकला की पुली तिरकी, पुली तिरकी की बेल्ट कडेला. गाडी बंद केली की सगळं साळसूद. माझा लेझर त्या साळसूदपणावर विश्वास ठेवत होता.

व्हर्निअर काढला आणि ब्रॅकेटची जाडी मोजली. दहा मिलीमीटर. मी सोळा सांगितली होती. आणि पाठीमागे जो तिरका आधार, ज्याला आम्ही गसेट म्हणतो, तो सांगितला होता, तोही नव्हता. बेल्ट, पुल्या, रेषा, सगळ्यांची मी तपासणी केली होती. स्वतः भाव करून आणलेली वस्तू मोजायची तेवढी राहिली होती.

गुरुवारी सकाळी गाळा उघडायच्या आधी मी अंबरनाथला शटरसमोर उभा होतो. कांबळे मास्तर सायकलवरून आले. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी.

"जय भीम, सुर्वेभाऊ. एवढ्या लवकर?"

मी ब्रॅकेट त्यांच्या बाकावर आदळला. "सोळा सांगितली होती! गसेट कुठंय? ही फसवणूक आहे मास्तर, दुसरं काय?"

त्यांनी शटर वर केलं, दिवा लावला, ब्रॅकेट हातात घेतला. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे माझा जास्तच चढला.

"बोला ना! पैसे घेतले आणि माल मारला!"

"सोळाचा भाव मी पहिला सांगितला होता," ते म्हणाले. "तुम्ही तासभर भाव केलात. शेवटी मी काय म्हणालो?"

मला आठवलं. म्हणाले होते, "ठीक आहे. त्या भावात बसवतो."

अंबरनाथच्या गाळ्यांमध्ये कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. घासाघीस करणारं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून म्हणतात, बसवतो. म्हणजे त्या पैशात जेवढं मावेल तेवढं करतो. हे मला माहीत नाही असं नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांना हेच म्हणतो. भाव फार पाडला की इंजिनाच्या जोडात नवीन गॅस्केटऐवजी जुनंच साफ करून लावतो. चालणार असेल तरच, पण लावतो. आणि त्यांनी विचारलं नाही तर सांगत नाही.

"त्या तासात एकदा तरी विचारायचं," मास्तर म्हणाले, "की मास्तर, यातलं काय कमी करणार? मी सांगितलं असतं. दहाची प्लेट कशाला चालते, कशाला नाही, ते मला काय माहीत? तुम्ही दरवाज्यासाठी नेताय की विमानासाठी, तेही बोलला नाहीत."

"तुम्ही आपण होऊन सांगायचं."

"हो," ते लगेच म्हणाले. "ते माझं चुकलं."

एवढं सरळ कुणी कबूल केलं की भांडायला काही उरत नाही. मला ते आवडत नाही. मी स्टुलावर बसलो, उठलो, परत बसलो. प्लेट सोळाच्या जागी दहा घेतली तर थोडीशी जास्त वाकते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ती चौपट वाकते. हे मी प्रधानसाहेबांच्याच वर्कशॉपमध्ये शिकलो होतो, आणि त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून तर त्यांनी फोनवर दुसरं काही विचारलं नाही.

"नवा किती वेळात होईल?"

"दुपारी तीन." मास्तरांनी भाव सांगितला. तोच, पहिला. मग ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझी जीभ वळवळली. खोटं कशाला बोलू.

"त्यात काय काय येणार तेवढं सांगा," मी म्हणालो.

"सोळाची प्लेट. दोन्ही बाजूंनी गसेट. वेल्डिंगनंतर फेस मारून सपाट करणार. भोकं त्याच्यानंतर." ते खडूने बाकावर चित्र काढत गेले. मी पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मधे न तोडता ऐकलं.

तीन वाजता ब्रॅकेट मिळाला. तिथेच मोजला. मास्तर हसले. साडेपाचला तो गाडीवर चढला. तोच शेवटचा बेल्ट परत चढवला. बंडूशेठने रेस दिली, वहिनींनी व्हिडिओ काढला. अडीच हजार. तीन. साडेतीन. पुली जागच्या जागी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वहिनी म्हणाल्या, "आता मान ताठ हाय बाईची." मी गार झालेला चहा प्यायलो. आजचा होता की कालचा, बघितलं नाही.

शुक्रवारी नऊ वाजता मांडववाल्यांचा टेम्पो आला तेव्हा मी बंपरचा शेवटचा बोल्ट आवळत होतो. बंडूशेठने गाडी अंगणातून मागच्या वाडीत स्वतः चालवत नेली. सुपरचार्जरची बारीक शीळ ऐकून टेम्पोवाले बांबू टाकायचे थांबले.

दहाला प्रधानसाहेबांचा फोन आला. "टोइंग पाठवू ना?"

"नको साहेब, चालली गारी." बंडूशेठने फोन माझ्या हातात कोंबला. "बोल."

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

बेल्टच खराब निघाला, असं सांगून टाकता आलं असतं. पण समोर वहिनी व्हिडिओ घेऊन उभ्या होत्या, आणि त्या गावभर तो दाखवत होत्या.

"ब्रॅकेट."

"किती जाड होता?"

"दहा. भाव मी पाडला होता. काय कमी केलं ते विचारलं नाही."

"आता?"

"सोळा. गसेटसकट."

"बरोबर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अकरा वर्षांत त्यांनी मला हा शब्द एकदाही म्हटलेला आठवत नाही. म्हणून राग गेला असं कुणी समजू नये. कागद नाही म्हणाले होते ते मी विसरलेलो नाही.

मागच्या आठवड्यात जांभूळ गावच्या एका गिऱ्हाइकाने माझा भाव तासभर घासला. एरवी मी म्हणालो असतो, बसवतो. या वेळी वही काढली आणि त्या भावात कोणती तीन कामं होणार नाहीत ते वाचून दाखवलं. तो भडकला, गेटपर्यंत गेला, परत आला आणि पहिल्या भावाला तयार झाला. दोनशे रुपये कमी करून. तेवढं मी सोडलं. त्या दोनशेत काय कमी करणार, हेही त्याने विचारलं. मी खरं सांगितलं: फक्त माझा चहा.