विश्रामगृहाची होडी

मेळघाटातील एका तलावाकाठच्या जुन्या वन विश्रामगृहाची होडी ऐन लग्नसराईत, पर्यटकांसाठी नौकाविहार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली. तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेले हे प्रकरण मला आजही जसेच्या तसे आठवते.

विश्रामगृह इंग्रज अमदानीत शिकारीसाठी बांधलेले. पुढे धरण झाले, तलाव भरला आणि पलीकडच्या गावाची वाट पाण्याखाली गेली. तेव्हापासून गावाची ये-जा विश्रामगृहाच्या होडीतून चाले. नव्या वनाधिकाऱ्यांनी होडी रंगवली, पर्यटकांसाठी राखली आणि साखळीला कुलूप लावले.

कुलूप तोडलेले नव्हते. किल्ली म्हाताऱ्या चौकीदाराकडे होती. वनाधिकाऱ्यांनी फिर्यादीत संशयित म्हणून त्याचेच नाव दिले. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेली असती.

त्याला ठाण्यात बसवून विचारले, "होडी कुठं आहे?"

"सुखरूप हाये, साहेब."

"कोणी नेली?"

"उद्या सांगतो."

"आज काहून नाही?"

"आज सांगतलं त तुमी जप्त करसान."

हवालदाराने तोंड फिरवून हसू लपवले. तेवढ्यात चोरीची बातमी ऐकून जवळच्या सेमाडोह गावच्या फूलवाल्याचा फोन आला.

"साहेब, पलीकडच्या गावानं होडीसाठी मनून माळा नेल्या. चोरीच्या मालाले कोनी झेंडू लावते का?"

चौकीदाराने मान खाली घातली. "किल्ली मीच देली. नवरी तिकडची, मांडव इकडचा. माई बायको बी याच होडीत आली व्हती."

वनाधिकाऱ्यांना घेऊन आम्ही विश्रामगृहाच्या घाटावर पोहोचलो. डफडे आधी ऐकू आले, मग वळणावरून होडी दिसली. नवरी मध्ये बसली होती, वल्हे तिच्या मामाच्या हाती होते. मी पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला.

मामा म्हणाला, "नवरीलेबी मुद्देमालात लिवता का, साहेब?"

नवरदेवाचा बाप पुढे झाला. "तिले आमच्या ताब्यात द्या. पावती देतो."

वनाधिकारीही हसले. मांडवात पहिली पंगत त्यांची बसली.

चोरीच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. चोर माल लपवतो. ही माणसे तो सजवून, वाजतगाजत मूळ जागी आणत होती. हेतू कागदाआधी माणसांच्या वागण्यात शोधावा, हे मी त्या घाटावर शिकलो.

फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल न्यायालयाने मंजूर केला. चौकीदार निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. विश्रामगृहाच्या फलकावर आज नौकाविहाराच्या वेळा आहेत. शेवटची ओळ अशी आहे: पलीकडच्या गावात लग्न असल्यास होडी मिळणार नाही.