तिचा तोल गेला नव्हता

शाळेत प्रार्थना चालू असताना फोन आला. कोमलचा. माझ्या मैत्रिणीकडे, संघमित्राकडे, सायकलची शर्यत शिकणाऱ्या चार मुलींपैकी ही सगळ्यात मोठी. तिला धड बोलता येत नव्हतं. ताईला टिप्परने उडवलं, एवढंच मला कळलं. समोर मुलं डोळे मिटून उभी होती म्हणून मी ओरडलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. सायकलवरून तोल जाऊन माजी खो-खोपटूचा मृत्यू. दीड महिना झाला, ते कात्रण पर्समध्ये घेऊन फिरते आहे. इतका संताप आहे की रडायलाही सवड मिळालेली नाही. नऊ वर्षं शर्यतींत सायकल चालवली आणि गेली तेव्हा कोण, तर 'माजी खो-खोपटू'. आणि तोल? संघमित्राचा?

आम्ही तिला मित्राच म्हणायचो. तिचे वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होते, माझेही. क्वार्टर शेजारी, संघ एकच. माझ्या पाठीवर जेवढे खो पडले त्यातले अर्धे तिचे असतील. खांबाला वळसा घेताना आम्ही बाकीच्या घसरून गुडघे फोडायचो, ही गर्रकन फिरून पुन्हा दोन्ही पायांवर उभी. आमच्या सरांचा एकच धाक होता. खो मिळाला की उठायचं, आणि एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही. वळलीस की फाऊल. मित्राने तो धाक मैदानाबाहेरही पाळला. मग एका सामन्यात गुडघा गेला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, खेळ बंद, रोज थोडी सायकल चालवा. त्यांच्या मनात घरात एका जागी ठेवलेली सायकल होती. पुढच्या तपासणीला ही भावाची सायकल हाणत खापरखेड्याहून थेट शहरातल्या दवाखान्यात. कपाळाला हात लावून डॉक्टर म्हणाले, मी असं सांगितलं नव्हतं हो... पण तोवर तिने दिशा घेतली होती.

पहिल्या शर्यतीचं आठवलं की अजून हसू येतं आणि लगेच रागही. शर्यतीत पुढची वारा कापते, मागच्या तिच्या आडोशाने जातात, आणि पुढची दमली की कोपराने खूण करून बाजूला सरकते. हे हिला कोणी सांगितलंच नव्हतं. ही सगळ्यांच्या पुढे, जीव तोडून पायडल मारते आहे आणि दमली की ओरडते आहे, खो! मागून कोणी येईना. शेवटी सगळ्या तिला मागे टाकून गेल्या. संध्याकाळी पाय गरम पाण्यात बुडवून मला म्हणाली, "काहून वं, मी घसा फाडून खो देऊन राहिली होती, अन् एकही उठली नाही." त्या दिवसापासून सायकलवाल्यांत तिचं नाव 'खो-खोवाली' पडलं. पुढे तिने पदकं आणली, तरी निवडीला बसलेले एक गृहस्थ दर वर्षी तेच म्हणायचे, तुमचा मूळ खेळ खो-खो ना, मग इकडे कशाला? एकदाही तिला जिल्ह्याबाहेर पाठवलं नाही. मी चिडायचे, ती चिडायची नाही. मला तर तिच्या न चिडण्याचाही राग यायचा.

मग तिने स्वतःच्या मुली तयार केल्या आणि त्यांना कोपराची खूण शिकवलीच नाही. पुढची दमली की खो म्हणायचं आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेला सरकायचं. गाड्यांच्या बाजूला कधीच नाही. खो ऐकला की मागची पुढे. शहराबाहेरच्या रस्त्यावर त्या सकाळी मित्रा पुढे होती. खो म्हणाली, ठरल्याप्रमाणे डावीकडे सरकली, आणि पुढची गाडी ओलांडायची घाई झालेला टिप्पर नेमका त्याच बाजूने कडेवर घुसला. समोरच्या टपरीवाल्याने काय पाहिलं, तर बाई एकदम बाजूला गेली. पंचनाम्यात काय आलं, तर तोल जाऊन वाहनासमोर आली. म्हणजे चूक तिची, आणि टिप्परवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर.

कोमलला घेऊन मी ठाण्यात गेले. ती तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "ताईनं खो देला होता, साहेब. मले आयकू आला. मी पुढं निघून राहिली होती." हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "पोरी, खो मी कोणत्या रकान्यात लिहू? बाजूले गेली म्हणजे तोलच गेला ना." मी त्यांना टेबलाशी उभं राहून खो-खोचे नियम समजावले. चाळीस मुलांच्या वर्गाला समजावते तसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्ज ठेवून जा म्हणाले. अर्ज ठेवला आहे. दर सोमवारी जाऊन विचारते. बाहेर भिंतीला तिची सायकल टेकवलेली असते, पुढचं चाक दुमडलेलं, हँडलला नंबराची चिठ्ठी. कोमलचा जबाब अजून घेतलेला नाही. म्हणून इथे लिहिते आहे, वाचणाऱ्यांनी साक्षीला राहावं. तिचा तोल गेला नव्हता. तिने खो दिला होता.

मुलींना मी म्हटलं होतं, काही दिवस सायकल बंद ठेवा. कोमल माझ्याकडे बघतच राहिली. "ताईनं खो देला ना, मॅडम. मंग बसून कशी राहू?" आता पहाटे त्या चौघींच्या मागे मी स्कूटर घेऊन असते, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, जिथून तो टिप्पर घुसला तिथून. पुढची दमते, खो म्हणते, बाजूला सरकते. शाळेपासून तो शब्द कानावर पडला की मी उठून पुढे धावत आले. आता ऐकला की हात ब्रेकवर जातो आणि मी मागे वळून बघते. होऊ दे फाऊल.