चौथ्या डावातला वजीर

फोंडाघाटच्या मित्राने इंटरनेटवर मला बुद्धिबळात सलग सहा वेळा हरवलं. हा कॉम्प्युटरला विचारून खेळतो, अशी माझी खात्रीच झाली. लहानपणी आम्ही दोघं एकाच पडवीत खेळायला शिकलो होतो, म्हणून जास्तच झोंबलं. तिथे समोरच्याचा वजीर मरत असला, तर मारण्याआधी सांगायची रीत होती.

मालवणच्या सायबर कॅफेत बसून मी सगळे डाव पुन्हा पाहिले. चौथ्या डावात त्याचा वजीर तीन चाली फुकट मरत होता. मला दिसला नाही, पण त्यानेही हलवला नव्हता. कॉम्प्युटर असला गाढवपणा करत नाही. माझा जीव भांड्यात पडला.

लगेच फोन लावला. “तुझो वजीर मरत होतो रे.”

तो माझ्यावरच तापला. “मगे तेवाच सांगूक नको?”