बेडकासाठी चुना

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. अमरावतीला एका खोलीत एकटा राहायचो, खाणावळीत जेवायचो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी बेडकाच्या पोटरीचा प्रयोग होता. काजळी धरलेला कागद ड्रमवर फिरायचा आणि स्नायूला विजेचा झटका दिला की सुई वर जाऊन रेघ ओढायची. झटके देतच राहिलं की रेघा ठेंगण्या होत. पण मला नवल वाटलं ते सुई खाली यायलाही वेळ लावू लागली याचं. थकलेल्या स्नायूला नुसतं ओढणंच नाही, सैल होणंही जड जातं.

सरांनी मला थांबवून घेऊन समजावलं. ते तेव्हा नवंच ज्ञान होतं. पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर आलं की स्नायू आखडतो, ते परत कोठारात ओढून घेतलं की सैल पडतो. कोंबडीच्या छातीचा पांढरा स्नायू हे झपाट्याने करतो, पण सारखं करावं लागलं की लवकर दमतो. तंगडीचा लाल स्नायू थोडंथोडं, सावकाश करतो आणि दिवसभर टिकतो. त्या सरांचे उपकार मी विसरलो नाही.

बा अकोल्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा. मी रविवारी घरी गेलो की "जेवतं ना बराबर?" एवढंच तो विचारायचा. त्या रविवारी मात्र त्याने विचारलं, "कालेजात काय करून रायला तू?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा जीव अगदी हरखला. कॅल्शियम कसं सांगावं? त्याच्या हातात तंबाखू होती, म्हणून म्हणालो की चुन्यात असते तीच वस्तू बेडकाच्या पायातही असते, थकल्यावर ती नीट कामी येत नाही. बा मान हलवत राहिला. त्याला समजलं, या आनंदात मी परतलो.

हंगाम संपून जिनिंग बंद झालं तेव्हा बा पहिल्यांदाच माझ्या खोलीवर आला. बसायच्या आधी त्याने बंडीतून पत्र्याची डबी काढली.

"चुना आनला. चांगला भिजोयेल हाय. तुह्या बेडकाले कमी पडते म्हनलं व्हतं ना."

मी घाईघाईने मूठ मिटून, उघडून दाखवलं. चुना कमी पडत नाही बा, आतच असतो, परत जागेवर न्यायला उशीर होतो. तो माझ्या मुठीकडे पाहत राहिला, मग खोलीकडे. एक खाट, एक कंदील.

"मंग तं माहा चुना काई कामाचा नाही."

"कामाचा हाय," मी म्हणालो.

"राहू दे मंग."

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. जाताना जेवणाचं विचारलं, कॉलेजचं पुन्हा कधीच विचारलं नाही.

मी तंबाखू खात नव्हतो. तरी परीक्षा होईपर्यंत चुना वाळू नये म्हणून डबीत अधूनमधून थोडं पाणी घालत राहिलो.