वहिनींचा अर्धा तास

आमच्या ऑफिसातल्या गोगलगायीवर मी एकदाच खेकसलो, आणि ते अजून माझ्या मानगुटीवर बसलंय.

गोगलगाय म्हणजे शेजारच्या टेबलावरचा टेस्टर, सॉफ्टवेअर तपासणारा. मुलखाचा सावकाश. वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये जाणार होता. त्याआधी त्याने तो रेकॉर्ड करून एका प्रोग्रॅममध्ये भरून ठेवला. वहिनी घरून फोनवर टाइप करायच्या, प्रोग्रॅम त्यांच्या आवाजात बोलायचा. कागदावर लिहून दाखवणं त्यांना मुळीच नको वाटे. पण मेला प्रोग्रॅम एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चाले, आणि ती सिस्टिम ती बनवणाऱ्या कंपनीच्याच महागड्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर. तसं मशीन ऑफिसात एकच. त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले नकली कॉम्प्युटर, चालवायची ती लायसन्सप्रमाणे एका वेळी दोनच, आणि दोन्ही ऑफिसच्या कामाला जुंपलेली. तिसरं चालू करायला गेलं की सरळ नकार!

म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत हा त्यातलं निवांत पडलेलं बंद करून वहिनींचं चालू करी. अर्धा तास. तेवढ्यात वहिनी बहिणीशी गप्पा मारत, दूधवाल्याला फैलावर घेत, नवऱ्याची खरडपट्टी काढत. हा डबा खाता खाता हसायचा.

एके दिवशी घाईत त्याने निवांत सोडून कामात असलेलंच बंद केलं. गिऱ्हाईकाची पाच तासांची टेस्ट पाण्यात! साहेबांनी तिसरं, वहिनींचं, पुसून टाकायला सांगितलं. "शेवटचा अर्धा तास तरी द्या," तो अक्षरशः पाया पडला. साहेब घड्याळ बघत उभे राहिले.

काही वाक्यं त्या आवाजात काढून घ्यायची, वहिनींच्या फोनवर त्यांची बटणं करायची, एवढंच हाती होतं. याला काही सुचेना, नुसता स्क्रीनकडे बघत बसला.

"अरे, बघतोस काय शुंभासारखा! सरक!" मी खेकसलो आणि भराभर टाइप करत सुटलो. पाणी हवंय. बरं वाटतंय. चालेल. काळजी करू नका. तुम्ही म्हणाल तसं. चाळीस वाक्यं झाली, आणि साहेबांनी स्वतःच डिलीट दाबलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. न राहवून विचारलं, "वहिनी, रागावलात का माझ्यावर?"

त्यांनी फोन उचलला. बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. चाळीस वाक्यांत भांडायचं एकही नव्हतं, साधं 'नाही'सुद्धा नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. वहिनींचे डोळे भरले. शेवटी त्यांनी एक बटण दाबलं.

"तुम्ही म्हणाल तसं," त्यांचा आवाज म्हणाला.