पेट्यांना पोळ्याचे रंग

एकाहत्तर साली आपल्या फौजेकडे चार देशांचे रणगाडे होते आणि त्यांचं आपसात मुळीच पटत नव्हतं. इंग्रजी आणि अमेरिकन गाड्यांचे बोल्ट इंचांत, रशियन आणि फ्रेंच गाड्यांचे मिलिमीटरमध्ये. नगरबाहेरच्या एका लष्करी डेपोत या सगळ्यांचे सुटे भाग यायचे आणि तिथून सरहद्दीकडे जायचे. त्या डेपोत मी तात्पुरती कारकून होते. वडील तिथेच नोकरीत असताना वारले, म्हणून त्यांच्या जागी मला घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा. तो आला की घरात आई आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचो, कारण दुसरी मिळकत आम्हाला नव्हती.

युद्धात तुम्ही काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, बोल्ट वेगळे ठेवले. लोक हसतात. हसणाऱ्यांनी एकदा इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या नटात घालून बघावा. दिसायला दोघं जुळे भाऊ. पहिल्या दोन आट्यांना सुतासारखा जातो, तिसऱ्याला असा अडकतो की पुढे नाही आणि मागेही नाही. मग नट कापून काढा.

श्रावणात आमच्याकडून नेमकं तेच झालं. पंजाबातल्या रशियन गाड्यांसाठी मागवलेल्या पेटीत आम्ही इंग्रजी बोल्ट पाठवले. भाद्रपद लागता लागता पेटी तशीच परत आली, सोबत चिठ्ठी: ‘तुमच्याकडे डोळे असलेला एखादा माणूस आहे का?’ मला संताप आला आणि रडूही आलं. पेट्या उचलणारे सगळे हमाल आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि रशियन तर मलाही नव्हतं. पाटीवर कितीही सुंदर लिहिलं तरी पेटी चुकीच्या थप्पीत जायची ती जायचीच.

आमच्या हमालांचा मुकादम नेवाशाकडचा होता. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बाई, आमाला अक्षर कळत न्हाई, पन बाजारात शंभर बैलं उभी असली तरी कुनाचा बैल कंचा ते लांबून कळतं. पोळ्याला ज्यानं त्यानं आपल्या रंगानं शिंगं रंगवलेली असत्यात. पेट्यांची शिंगं रंगवा की!”

पोळा नुकताच झाला होता. प्रत्येकाच्या घरी शिंगांच्या रंगाचा उरलेला डबा होता. दुसऱ्या दिवशी डबे आले. रशियन पेट्यांचे कोपरे लाल, इंग्रजी निळे, फ्रेंच हिरवे, अमेरिकन पिवळे. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर यायला पुढचा पोळा उजाडला असता. त्या दिवसानंतर आमच्या फाटकातून एकही पेटी चुकीच्या वाटेनं गेली नाही.

दिवाळीनंतर तपासणीला एक मोठे साहेब आले. थप्प्या बघून जागेवरच थांबले.

“ही काय जत्रा भरवली आहे?”

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, नियमात फक्त पांढरे आकडे आहेत. रंगावरून शत्रूला कळेल कुठला माल कुठे चाललाय. उद्यापर्यंत सगळा रंग रॉकेलनं पुसा.

“साहेब,” मी म्हणाले, “शत्रूला आमच्या खेड्यातली पोळ्याची शिंगं ओळखता येत असतील, तर त्याला आपण तसंही काही लपवू शकणार नाही.” मग दोन बोल्ट त्यांच्या हातात ठेवले. “यातला रशियन कुठला ते सांगा. बरोबर सांगितलंत तर मी स्वतः रंग पुसते.”

त्यांनी दोन्ही बोल्ट उजेडात धरून बराच वेळ फिरवले आणि टेबलावर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला मेमो मिळाला: आदेश मोडल्याबद्दल नोकरीवरून का काढू नये, याचा खुलासा करा. मी खुलासा दिला नाही आणि रंगही पुसला नाही. मुकादमानं विचारलं, “बाई, रॉकेल आनू का?” मी म्हटलं, “आणा, माझ्या घरी स्टोव्हला लागतंच आहे.”

डिसेंबरात युद्ध पेटलं आणि मेमोची तेव्हा कुणाला आठवण राहिली नाही. दिवसभर ट्रक लागायचे. मुकादम हाळी द्यायचा, “लाल आन! लाल!” आणि हमाल एकदाही न चुकता झपाट्यानं पेट्या चढवायचे. युद्ध संपेपर्यंत आमची एकही पेटी परत आली नाही. मला या गोष्टीचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

नव्या वर्षात मुदतवाढीचा दिवस आला. कचेरीतल्या दुसऱ्या कारकुनानं माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक मुदतवाढीचा, दुसरा साहेबांच्या त्या मेमोवरून निघालेला माफीचा: ‘विनापरवाना रंगामुळे मालाच्या व्यवस्थेत गोंधळ झाला, ही माझी चूक मला मान्य आहे.’ माफीवर सही केली तर मुदतवाढ मिळणार होती. तो बिचारा हळूच म्हणाला, “करून टाका. वाचतंय कोण?”

रंग परवानगीशिवाय लावला, असं लिहिलं असतं तर मी हसत सही केली असती. पण गोंधळ झाला? माझ्या थप्प्यांत? त्या हमालांच्या हातून? मी पेनाचं टोपण लावलं आणि दोन्ही कागद त्याच्याकडे सरकवले. दुपारी माझी नोकरी गेली.

तिसऱ्या दिवशी आई विडीच्या कारखान्यातून पानं आणि तंबाखू घेऊन आली, सूप मांडीवर घेतलं आणि कात्री माझ्यापुढे टाकली.

“तुझे वडील असते तर त्यांनीबी केली नसती सही,” ती म्हणाली. “पन ते असते तर मला इड्या वळाव्या लागल्या नसत्या.”

मी पान कापायला घेतलं. पुढची दोन वर्षं आम्ही विड्याच वळल्या. न केलेल्या सहीबद्दल मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही. आईच्या बोटांबद्दल मात्र वाटतं.