नर्सबाईंचा हळू आवाज

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मोबाइल समोर धरला, तसा मी पोट आत घेऊन हसलो.

"काका, सरका की! फोटो पोरीचा घ्यायचाय!"

बाई जिन्यात कुजबुजल्या, तरी तळमजल्यावरून उत्तर येतं. राजारामपुरीत लहान मुलांच्या दवाखान्यात त्या काम करतात. जन्माआधीच्या काही दोषांच्या खुणा चेहऱ्यावर दिसतात; त्यांच्या मोबाइलमधलं ॲप मुलाचा चेहरा मोजून पुढची तपासणी हवी का, ते सुचवतं.

बायकोची भाची लेकीला घेऊन आली होती. शिकवलेलं पोरगी दुसऱ्या दिवशी विसरायची. शाळेनं हात टेकले होते.

फोटो झाल्यावर बाई भाचीला बिलगून बसल्या आणि चक्क हळू बोलल्या. बायको भाचीच्या शेजारीच होती, मी पेपरामागे लपलो.

"ही पोटात असताना दारू घेतलीवतीस का गं? रागवायला न्हाय, हिच्यासाठी इचारतोय."

भाचीचे डोळे भरले. "दिवस गेलेत हे कळायच्या आधी, पार्ट्यांत. आईला कळलं तर..."

"सांगितलंस ते लई बरं केलंस. ठरवणार डॉक्टर. पण हिचं इसरणं दारूमुळं हाय असं निघालं, तर हिला शिकवायची रीत बदलता येती की!"

बाई गेल्यावर बायको भाचीला म्हणाली, "ताईला मी सांगते. ओरडली तर माझ्यावर ओरडू दे, मला लहानपणापासून सवय आहे."